तेवीस दिवसांचा मांडव

गेल्या वर्षी आमच्या आप्पांच्या नातीचं लग्न जमलं. मुलगा कॅनडात, माँट्रियल शहरात असतो. बघायचा कार्यक्रम मोबाइलवरच झाला. पाण्याच्या तांब्याला मोबाइल टेकवून ठेवला होता आणि घरातली एकेक माणसं पुढं सरकून विचारायची ते विचारत होती. पगार किती, घर स्वतःचं का भाड्याचं, आईवडील कुठं असतात, देवक कोणतं. आप्पा माझे चुलते, पंचाहत्तरीच्या घरातले. ते बराच वेळ खांबाला टेकून गप्प बसले होते. सगळ्यांचं झाल्यावर त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि म्हणाले, "पावणं, तिकडं बर्फ पडतो न्हवं? गाडी कशी चालवता?"

पोरगं जरा गोंधळलं. मग म्हणालं, "आजोबा, आमच्याकडं १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर लावावेच लागतात. कायदाच आहे तसा."

"साखळ्या?"

"साखळ्या नाही लागत. रस्ते साफ करतात, मीठ टाकतात."

"उताराला?"

"हळू. ब्रेक दाबायचा नाही एकदम."

आप्पांनी मोबाइल परत तांब्याला टेकवला आणि आत स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणाले, "पोरगं चांगलंय." काकी चुलीपुढं बसून हसल्या. नव्या पिढीला यातलं काही कळलं नाही. मला कळलं, कारण मी १९७५ साली नऊ वर्षांचा होतो आणि आप्पांच्या लग्नाचा सगळा घोळ डोळ्यांनी पाहिलेला होता.

आमचं गाव खटाव तालुक्यातलं. पाऊस कमी, माळ जास्त. माणदेश-खटाव भागातल्या माणसाला पोटासाठी दोनच वाटा ठाऊक होत्या. एक मुंबईच्या गिरणीची आणि दुसरी पलटणीची. सातारा जिल्ह्यात पलटणीची वाट फार जुनी. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातली ४६ माणसं कामी आली आणि इंग्रजांनी तिथं दगड बसवला. आमच्या गावात दगड नाही, पण माझ्या पणजीच्या तोंडी 'बसरा' हा शब्द होता. तिचा दीर बसऱ्याला गेला तो गेलाच. बसरा म्हणजे कुठं, हे तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

अशा गावात लग्नाचं गणित वेगळं असतं. इतर गावांत तुळशीचं लग्न झालं की पोरीच्या बापाच्या चपला झिजायला लागतात. माघ, फाल्गुन, वैशाख असे महिने बघतात, भटजीला पंचांग उघडायला लावतात. आमच्याकडं आधी सुट्टीचा कागद बघत. जवानाला वर्षाला दोन महिन्यांची मोठी सुट्टी, पण ती कधी मिळेल ते पलटणीतल्या नंबरावर. नंबर लागला की त्या साठ दिवसांत पोरगी बघायची, सुपारी फोडायची, बस्ता बांधायचा, लग्न लावायचं आणि नवरी नांदायला आली न आली तोवर ट्रंक भरायची. ज्याला एका सुट्टीत जमलं नाही त्याचं पुढच्या सुट्टीवर जायचं. मधलं वर्षभर पोरगी 'सुपारी फुटलेली' म्हणून बापाच्या घरी राहायची. धड माहेरची नाही, धड सासरची नाही. तिच्याकडं दुसरे पाहुणे यायचे बंद. तिच्या कपाळाला एकदा कुंकू लावून गेलेली माणसं जर फिरली, तर तिचं पुढं जमणं कठीण. म्हणून सैनिकाच्या गावात साखरपुड्याला लग्नाइतकंच वजन. कागदात बांधलेला साखरेचा तो पुडा पोरीच्या ओटीत पडला की गावानं साक्ष दिली असं समजायचं.

पणजी आणखी एक गोष्ट सांगायची. पूर्वी म्हणे नवरदेव लढाईवर असला तर त्याची तलवार वऱ्हाडाबरोबर पाठवायचे आणि तलवारीशी लग्न लावायचे. खांड्याशी लगीन, असं ती म्हणायची. ते राजेरजवाड्यांच्या घरचं. आमच्या घरात विळा आणि कुऱ्हाड सोडली तर दुसरं पातं नव्हतं. पण १९७५च्या फेब्रुवारीत ही गोष्ट घरात फार वेळा निघाली.

आप्पा १९६९ला भरती झाले. आर्मी सर्व्हिस कोअर, म्हणजे सैन्याला शिधा, रॉकेल, दारूगोळा पोचवणारं खातं. बेंगळूरला ट्रेनिंग, तिथंच गाडी शिकले. त्याआधी त्यांनी फक्त बैलगाडी हाकली होती. १९७३ला त्यांची बदली कारगिलला झाली. आमच्या घरी पत्र यायचं त्यावर पत्ता 'द्वारा ५६ एपीओ' एवढाच. आजीला वाटायचं छप्पन एपीओ हे गावाचं नाव आहे. "छप्पनला थंडी लय हाय म्हनं," असं ती शेजारणींना सांगायची.

श्रीनगरहून लेहला जाणारा तो रस्ता काय चीज आहे, हे आम्हाला पुढं आप्पांकडूनच कळलं. सोनमर्ग सोडलं की झोजीला. उंची साडेअकरा हजार फूट. याच खिंडीत १ नोव्हेंबर १९४८ला जनरल थिमय्यांनी रणगाडे चढवले होते. इतक्या उंचीवर रणगाडा येईल असं समोरच्यांच्या स्वप्नातही नव्हतं. पुढं १९६०ला सीमा सडक संघटना निघाली, १९६२चं चिनी युद्ध झालं आणि खेचरांच्या वाटेचा ट्रकचा रस्ता झाला. पण हिवाळ्यात झोजीला बंद म्हणजे बंद. पाच-पाच महिने. म्हणून उन्हाळ्याच्या चार-सहा महिन्यांत शक्तिमान ट्रकच्या रांगा लावून वर्षाचा माल पलीकडं नेऊन ठेवायचा. आप्पा त्याला कानवाई म्हणतात, कॉन्वॉयचं ते फौजी रूप. झोजीला बंद झाला की कारगिलच्या माणसाला सुट्टीवर यायचं तर उलट्या दिशेनं, म्हणजे पूर्वेला लेहला जायचं. वाटेत नमिकाला, बारा हजार फुटांच्या वर. मग फोतुला, साडेतेरा हजारांच्या जवळ, त्या रस्त्यावरची सगळ्यांत उंच जागा. हा पट्टा बर्फ काढून कसाबसा चालू ठेवत. लेहहून हवाई दलाचं ए.एन.-१२ विमान चंदीगडला यायचं, तेही आभाळ मोकळं असलं तरच. आणि चंदीगडपासून पुढं आगगाडी.

आता लग्नाची तारीख कशी ठरली ते सांगतो, कारण सगळी चूक तिथंच झाली.

१९७४च्या वैशाखात आप्पा सुट्टीवर असताना कोरेगाव बाजूच्या एका गावातली पोरगी पसंत पडली. बाप गरीब, पण शब्दाचा पक्का. १९७२च्या दुष्काळात त्या घरानं सगळं सोसलं होतं. काकी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांच्या. आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या आणि सुकडी खाऊन दिवस काढायच्या. त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर हातोड्याची खूण अजून आहे. हुंड्याविरुद्धचा कायदा १९६१चा, पण यादी करताना तो कुणाला आठवत नव्हता. तरी आमच्या तात्यांनी, म्हणजे आजोबांनी, पैशाचं नाव काढलं नाही. "पोरगी द्या, नारळ द्या" म्हणाले. सुपारी फुटली. साखरपुडा झाला.

लग्न पुढच्या सुट्टीत. आप्पांचा नंबर फेब्रुवारीत लागणार होता, पण खटपट करून तो एप्रिलवर ढकलता आला असता. त्यांनी तात्यांना तसं सांगितलंही. "तात्या, फेब्रुवारी नको. घाटाचा भरवसा न्हाय. एप्रिलच्या शेवटाला ठेवा."

तात्या म्हणाले, "आणि पाणी तुझा बाप आणणार हाय का?"

बाप समोरच उभा होता, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. कुणी हसलं नाही, कारण बोलणं खरं होतं. बहात्तरच्या दुष्काळानं आमच्या भागातल्या माणसाच्या मनात पाण्याची धास्ती कायमची बसली होती. त्याआधी वैशाखात धूमधडाक्यात लग्नं होत. दुष्काळानंतर पोरीचे बाप हात जोडायला लागले की माघातच उरका, तोवर विहिरीला घागरभर तरी असतं. पाचशे माणसांच्या पंगतीला पाणी कुठनं आणायचं? म्हणून तारीख ठरली ती माघातली, फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातली. तात्यांच्या डोक्यात पाण्याचा हिशेब होता, आप्पांच्या डोक्यात बर्फाचा. बर्फ आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. यात्रेत लाकडाचा भुसा लावून विकायला आणतात तो लादीचा बर्फ, तेवढाच. त्यानं रस्ता बंद कसा होतो? भावकीतल्या एकानं विचारलंही, "खोऱ्यानं वढून टाकत न्हायती का?"

जानेवारीत तयारी सुरू झाली. पत्रिका छापून आल्या. तहसील कचेरीत अर्ज करून लग्नाची जादा साखर मिळवली. तेव्हा साखर रेशनवर असायची आणि लग्नाच्या साखरेसाठी परवाना काढायला लागायचा. कोरेगावला बस्ता बांधला. नवरीच्या दारात मुहूर्तमेढ रोवली, मांडव घातला, त्यावर आंब्याचे आणि जांभळाचे डहाळे टाकले. आप्पांचं पत्र आलं होतं की अमुक तारखेला निघतो, लग्नाआधी पाच दिवस पोचतो.

पाच दिवस आधी आले नाहीत. चार दिवस आधी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी पोस्टमन सायकलवरून आला, आणि त्याच्या हातात तार होती.

तार म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगून कळायचं नाही. १५ जुलै २०१३ला सरकारनं ती सेवाच बंद केली, तेव्हा पेपरात हळहळीचे लेख आले. आमच्या गावात कुणी हळहळलं नसेल. गावात तार आली की मरणाचीच. पासष्टच्या आणि एकाहत्तरच्या लढाईत आल्या त्या तशाच होत्या. पोस्टमन वेशीत दिसला आणि त्यानं पिशवीतनं कागद न काढता छातीच्या खिशातनं काढला, एवढं बघूनच आजीनं हंबरडा फोडला. शेजारच्या बाया धावल्या. कुणी तिच्या तोंडावर पाणी मारलं, कुणी तिच्याबरोबर रडायला बसलं. कागद अजून बंदच होता. इंग्रजी वाचणारे एक शाळेतले गुरुजी, ते शाळेत. मला त्यांना बोलवायला पिटाळलं. मी धावलो ते अजून आठवतं, पायात चप्पल नव्हती आणि सराटे मोडत होते.

गुरुजींनी तार वाचली. रस्ता बर्फानं बंद आहे, तब्येत चांगली आहे, उशिरा पोचतो, लग्न पुढं ढकला, असा मजकूर होता. खाली नाव आप्पांचं होतं, पण तार सुटली होती चंदीगडहून. हे गुरुजींच्या लक्षात आलं आणि ते जरा घुटमळले. माणूस जर चंदीगडला पोचलाय, तर रस्ता बंद कसा? आणि रस्ता बंद आहे, तर तार चंदीगडहून कशी?

झालं. एवढ्या एका गोष्टीवर गावानं आठ दिवस काढले. कुणी म्हणालं पोराचं मन फिरलंय, पंजाबात कुणीतरी ठेवलीय. कुणी म्हणालं खरं काय ते सरकार लपवतंय. भावकीतले एकजण तात्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "सुपारी मोडा. मुहूर्त चुकला, म्हंजी पोरीचा पायगुण वंगाळ हाय. लग्नाआधीच नवऱ्याला बर्फात गाडला तिनं." त्यांच्या साडूची पोरगी लग्नाची होती, ते वेगळंच. पण वाईट असं की आजीसुद्धा दोन दिवस तेच बोलत होती. मला हे लिहिताना बरं वाटत नाही, कारण पुढं त्याच सुनेनं आजीचं सगळं केलं. पण बोलली ती बोलली. आणि चार मैलांवरच्या माणसांचं बोलणं नवरीच्या गावाला पोचायला किती वेळ लागतो?

तिसऱ्या दिवशी नवरीचा बाप सायकल मारत आला. आल्या आल्या पाण्याला नको म्हणाला. ओसरीवर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "पाव्हणं, मेढ रवलीय. उपटू का ठिवू, तेवढं सांगा."

तात्या बोलेनात. त्यांनाही काही ठाऊक नव्हतं. तेव्हा गुरुजींनी एक काम केलं. शाळेतला भारताचा मोठा नकाशा गुंडाळून आणला आणि ओसरीच्या खुंटीला टांगला. पट्टीनं दाखवलं: हे कारगिल, ही खिंड, ही खिंड, हे लेह. इथनं विमान, हे चंदीगड. मग सांगितलं की फौजेत एकाची तार दुसरा करू शकतो, पुढं निघालेल्या सोबत्याकडं चिठ्ठी दिली असेल. नवरीचा बाप नकाशाजवळ गेला आणि साताऱ्यापासून कारगिलपर्यंत वितीनं मोजायला लागला. मोजून झाल्यावर टोपी घालत म्हणाला, "लांब हाय."

तात्या म्हणाले, "मांडव ठिवा. पोरीनं काय केलंय त्यात."

गुरुजींचा तर्क बरोबर निघाला. झालं होतं असं.

आप्पांना सुट्टीवर निघताना रिकामं यायचं नव्हतं; कानवाईतला आपला ट्रक लेहला पोचवायचा, तिथं दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचा आणि मग विमानाची वाट बघायची. कारगिलहून निघून मुलबेकला आले. मुलबेकला रस्त्याकडंच्या खडकात बुद्धाची एक भली मोठी उभी मूर्ती कोरलेली आहे, जुनी. तिथून पुढं नमिकालाचा चढ लागतो. आभाळ भरून आलं होतं. चौकीवरच्या सुभेदारानं गाड्या थांबवल्या आणि सांगितलं की पुढच्या थोड्या सोडतो, बाकीच्या इथंच थांबतील. आप्पांची गाडी सुटणाऱ्यांत शेवटची. मागची गाडी त्यांच्या मित्राची, तो बेळगावकडचा.

मागच्या चाकांना साखळ्या लावताना आप्पांना दिसलं की एका साखळीची कडी उघडलीय. पूर्ण तुटली नव्हती, तोंड वासलं होतं. तारेनं बांधली असती तर भागलं असतं. सुभेदार खाली वाकून बघणार नव्हता. पण कडी चढावर तुटली तर सुटलेली साखळी चाकाबरोबर फिरते, मडगार्ड फोडते, ब्रेकची नळी तोडते. आप्पांनी जाऊन सांगितलं, "साहेब, चेन खराब है." सुभेदार म्हणाला, गाडी बाजूला घे. आणि मागची पुढं सोडली.

मित्रानं जाताना काच खाली करून शिवी दिली. "अरे शहाण्या, तुझं लगीन हाय ना!" आप्पांनी खिशातला कागद त्याच्याकडं फेकला, त्यावर घरचा पत्ता लिहून दिला आणि म्हणाले, "मी अडकलो तर तार कर."

मित्र पोचला. सुखरूप नमिकाला ओलांडला, फोतुला ओलांडला, लेहला दुसऱ्याच दिवशी विमान मिळालं, आणि त्यानं चंदीगडला उतरल्या उतरल्या तार केली. इकडं रात्री जो बर्फ सुरू झाला तो तीन दिवस थांबला नाही. खिंड मोकळी व्हायला आणखी चार दिवस गेले. लेहला पोचल्यावर आभाळ बंद, विमान नाही. असं करत आप्पा आमच्या वेशीत उतरले ते ठरलेल्या तारखेनंतर आठव्या दिवशी.

त्या मुलबेकच्या रात्रींबद्दल आप्पा बोलायला लागले की मी ऐकत बसतो. ते गोष्ट सांगत नाहीत, काम सांगतात. रात्री रेडिएटरमधलं पाणी सोडून द्यायचं, नाहीतर गोठून फुगतं आणि इंजिन चिरतं. हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, रात्रीत ब्रेकचे पट्टे ड्रमला चिकटून बसतात. गाडी गिअरमध्ये टाकायची आणि चाकामागं दगड लावायचा. पहाटे डिझेल तुपासारखं थिजतं, खालून शेगडी धरावी लागते. उघड्या हातानं लोखंडाला शिवायचं नाही, कातडं निघून येतं. कितीही थंडी असली तरी केबिनच्या काचा लावून, इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही; त्या धुरानं माणूस झोपेतच जातो, वास येत नाही, काही नाही. बंद तंबूतल्या बुखारीचंही तसंच. घाट चढायचा तो पहाटे. दुपारचं ऊन लागलं की वरचा बर्फ सैल होतो आणि कडा सुटतो. अशा कड्याखाली गाडी उभी करायची नाही, कुणी मरत असला तरी पुढं नेऊन थांबायचं. कड्याखाली हॉर्न वाजवायचा नाही असाही तिथं दंडक होता. आवाजानं कडा सुटत नाही असं आता जाणकार सांगतात. मी आप्पांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, "नसंल सुटत. पण हॉर्न वाजवायची गरज काय?"

आणि उतार. ज्या गिअरमध्ये चढ चढलास त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेकवर पाय जायला नको. मागचं अंग घसरलं तर घाबरून ब्रेक न मारता रेसवरचा पाय काढायचा आणि ज्या बाजूला मागचं घसरतंय त्याच बाजूला स्टिअरिंग हळू वळवायचं. हे बेंगळूरच्या उस्तादानं शिकवलं, पण त्यांना ते आधीच येत होतं, असं आप्पांचं म्हणणं. तात्यांबरोबर वर्धनगडचा घाट त्यांनी लहानपणी किती वेळा बैलगाडीतून उतरला होता. तेव्हा वऱ्हाडं बैलगाड्यांनीच जात. एस.टी. १९४८ला सुरू झाली तरी आमच्या आडगावाला ती यायला पुढं बरीच वर्षं गेली. घाट उतरताना गाडीच्या मागं सोल बांधून चार गडी मागं रेटून धरायचे आणि हाकणाऱ्यानं कासरा एकदम ओढायचा नाही. ओढला की बैल बिथरतो, जू मानेवर चढतं आणि गाडी बैलाच्या अंगावर जाते. "बैल आन् शक्तिमान सारखंच," आप्पा म्हणतात.

नवा मुहूर्त निघाला फाल्गुनात. पहिली तारीख चुकल्यापासून तेवीस दिवसांनी. तेवढे दिवस नवरीच्या दारातला मांडव उभाच होता. मेढ एकदा रोवली की लग्न लागल्याशिवाय हलवत नाहीत. डहाळे वाळून कोळ झाले. शेळ्या मांडवावर उड्या मारायच्या आणि काकी काठी घेऊन त्यांना हाकायच्या. साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या, मग डबा पाण्याच्या परातीत ठेवला. आधीच पाण्याची बोंब, त्यात साखरेला परातभर पाणी. रस्त्यानं जाणारा येणारा मांडवाकडं बघून पोरीकडं बघायचा. काकी म्हणतात की खडी फोडताना इतके डोळे अंगावर कधी आले नव्हते.

लग्नादिवशी वऱ्हाडासाठी ट्रक ठरवला होता. कांद्याचा माल वाहणारा. दुपारी तीनला निघायचं आणि गोरज मुहूर्ताला पोचायचं. ट्रकमध्ये साठ-सत्तर माणसं चढली होती, वर टपावर वाजंत्रीवाले. नवरदेव हळदीच्या अंगानं, डोक्याला बाशिंग, घरातनं बाहेर आले. देवळात पाया पडले आणि ट्रकजवळ आल्यावर केबिनमध्ये न चढता ड्रायव्हरच्या तोंडाजवळ तोंड नेऊन उभे राहिले. मग मागं वळून तात्यांना म्हणाले, "हा पिलाय."

सगळे म्हणाले, थोडी घेतली असंल, लग्नाचं घर हाय. आप्पांनी ऐकलं नाही. ड्रायव्हरला उतरवून पारावर बसवलं. टायर बघितले, ब्रेक दाबून बघितला. मग म्हणाले, निम्मी माणसं उतरा. टपावरची सगळी उतरा. दुसरी खेप होईल. याच्यावर जो गोंधळ झाला तो विचारू नका. ज्यांना उतरायला सांगितलं त्यांचा मान गेला. सुपारी मोडायला सांगणारे भावकीतले तेच गृहस्थ रागानं घरी गेले आणि पुढं दोन वर्षं आमच्या घरची पायरी चढले नाहीत. आजी म्हणाली, "आरं एक मुहूर्त चुकवलास, आता दुसराबी चुकवतूस का?"

आप्पांनी बाशिंग सोडून समोर काचेपाशी ठेवलं, धोतर खोचलं आणि स्वतः चाकावर बसले. मी केबिनमध्ये तात्यांच्या मांडीवर होतो. वर्धनगडचा घाट त्यांनी इतक्या हळू उतरला की एक सायकलवाला आम्हाला मागं टाकून गेला आणि वळून हसला. इंजिन रडत होतं. तात्या एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांचा हात पुढं धरलेल्या कासऱ्यासारखा मुठीत आवळलेला होता, एवढं मला आठवतं.

पोचेपर्यंत दिवेलागण झाली. मुहूर्त टळून गेला होता. नवरीकडं पुन्हा रडारड सुरू झाली होती, कारण सूर्य बुडाला तरी वऱ्हाडाचा पत्ता नाही. काकी सांगतात, बाया कुजबुजत होत्या आणि त्या पाटावर बसून कान देऊन ऐकत होत्या. गाडी दिसायच्या किती आधी तो रडका आवाज आला. भटजींनी घाईघाईनं दुसरी वेळ काढली. अंतरपाट धरला, मंगलाष्टका झाल्या, लोकांनी हळदीत घोळलेली जोंधळ्याची अक्षता टाकली, आणि अक्षतेबरोबर वरचे वाळलेले डहाळे हलून त्यांचा पाचोळाही दोघांच्या डोक्यावर पडला.

लग्नानंतर चार-पाच दिवसांनी आप्पांनी ट्रंकेतनं ती कडी काढून काकींना दाखवली. सुभेदाराकडनं मागून घेतली होती. काकींनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली. खडी फोडलेल्या माणसाला लोखंड कळतं. मग त्यांनी सगळं विचारलं, मित्राचंही. तो त्याच दिवशी पोचला का? हो. त्याच्या गाडीला काही झालं का? नाही.

"मंग तुमी ही कडी सांगितलीच नसती तर?"

"तर येळेवर आलो असतो," आप्पा म्हणाले, आणि भाकरी वाढायला ताट पुढं केलं.